भिंतीकडे बघणारा नट

मला ओरडणारे नट सहन होत नाहीत. बाप गेला की छाती बडवून घेणारे, प्रेमात पडले की मान वाकडी करणारे, आणि गंभीर भूमिका मिळाली की नुसती दाढी वाढवून मोकळे होणारे. मी धुळ्यात, देवपूरला, शाळेत शिकवते. दिवसभर पोरांचा कालवा ऐकायचा आणि वर तिकीट काढून आणखी कालवा ऐकायचा, हे माझ्या गळी कधी उतरलं नाही. त्यामुळे एखाद्या सिनेमाविषयी स्टाफरूममध्ये कुणी 'काही घडतच नाही हो त्यात' असं कुरकुरलं की मी हमखास तो बघायला जाते.

त्या सिनेमाचंही तसंच झालं. दुपारचा एकच खेळ होता, चैत्रातलं ऊन रस्त्यावर माणूस ठरू देत नव्हतं आणि थिएटरात मोजकी डोकी होती. माझ्यासोबत अक्का होती.

अक्का म्हणजे माझी थोरली काकू. ती रावेरकडच्या आमच्या गावात राहते. गाव चारी बाजूंनी केळीच्या बागांत बुडालेलं आहे. अक्काला धुळ्याची हवाही मानवत नाही आणि पाणीही. तरी त्या वेळी ती आपणहून पिशवी घेऊन माझ्याकडे आली होती, कारण घरी मुलाशी तिचं बोलणं बंद झालं होतं. ते नानांवरून.

नाना म्हणजे माझे काका, अक्काचे यजमान. बरीच वर्षं झाली, एका दुपारी ते जेवून उठले, डोक्यावर टोपी घातली, बागेकडे जाऊन येतो म्हणाले आणि गेले. आले नाहीत. घरात भांडण नव्हतं, अंगात दुखणं नव्हतं, कुणाशी वैर नव्हतं. विहिरी बघून झाल्या, तापीचा काठ बघून झाला, पाहुणेरावळे, देवस्थानं, दवाखाने सगळं झालं. हाती काही लागलं नाही. पुढे लोकांनी विचारणंही सोडलं, पण अक्का रोज सकाळी कुंकू लावत राहिली.

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांना जेवू घालतात. पाण्याची घागर भरून तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, आणि गेलेल्या माणसाच्या नावानं एखाद्याला पितर म्हणून पाटावर बसवून त्याला पुरणपोळी आणि आंब्याचा रस वाढायचा. घरात आजोबांचा पितर बसायचा. नानांचा अक्कानं कधी बसू दिला नाही. जिवंत माणसाच्या नावानं पितर बसवला तर त्याचं आयुष्य तिथंच तुटतं, असं तिचं म्हणणं. माझा चुलतभाऊ मात्र टेकीला आला होता. त्याच्या मुलाला स्थळं येत होती आणि पाहुण्यांनी 'आजोबा कुठं आहेत?' विचारलं की हा पायांकडे बघत बसायचा. "आहेत म्हणू का नाहीत म्हणू, ते एकदा ठरवा," असं तो आईला म्हणाला आणि येत्या आखाजीला नानांचा पितर बसणार हेही त्यानं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी अक्का माझ्या दारात उभी.

तिला चार घटका विरंगुळा व्हावा म्हणून मी तिला सिनेमाला नेलं. विरंगुळा कसला!

त्या सिनेमाला सांगण्यासारखी गोष्टच नाही. एकटा राहणारा म्हातारा आहे. मुलगी त्याला शहरात न्यायला आली आहे आणि तो घर आवरतो आहे. एवढंच. पण तो म्हातारा करणाऱ्या नटानं मला खुर्चीला खिळवलं. एका प्रसंगात तो भुईमुगाच्या शेंगा सोलत बसलेला असतो. फोन येतो, जुना मित्र गेल्याचं कळतं. तो 'बरं' म्हणतो, फोन ठेवतो आणि शेंगा सोलत राहतो. फक्त त्यानंतर एकही दाणा तोंडात टाकत नाही. ताटलीत दाण्यांचा ढीग वाढत जातो. संगीत नाही, डोळ्यांत पाणी नाही, काही नाही.

आणखी एक गोष्ट होती. जेवताना, कपड्यांच्या घड्या घालताना, मुलगी बोलत असताना, मध्येच त्याची नजर अंगणाच्या भिंतीकडे जायची. तिथं ती जरा थांबायची आणि परत यायची. कॅमेऱ्यानं ती भिंत एकदाही दाखवली नाही. तो काय बघतो हे कळत नव्हतं, पण तिथं काहीतरी आहे याविषयी शंका येत नव्हती. याला म्हणतात अभिनय, असं मी मनात म्हणत होते.

तेवढ्यात अक्कानं माझं मनगट धरलं. पडद्यावर म्हातारा बाहेरून आला होता. ओट्यापाशी त्यानं चपला काढल्या, आणि घरात शिरण्याआधी पायाच्या अंगठ्यानं एकेक फिरवून त्यांची तोंडं रस्त्याकडे केली. मग मुलीनं काहीतरी विचारलं, आणि उत्तर देण्याआधी त्यानं गुडघ्यावरून तळहात फिरवला. तिथं धूळ नव्हती, काही नव्हतं.

नाना असेच करायचे. अगदी असेच. लहानपणी आम्ही पोरं त्यांच्या चपला पुन्हा घराकडे वळवून ठेवायचो आणि ते न रागावता परत फिरवायचे. इतक्या वर्षांत ते मी विसरूनही गेले होते.

बाहेर आल्यावर उन्हानं डोळे मिटत होते. अक्का रडली नाही. पदर डोक्यावर ओढून म्हणाली, "त्याले जेवाले बोलाव."

"कुणाला?"

"त्यालेच. पडद्यावरल्याले."

"अक्का, नट आहे तो."

"मले कळते. म्या काय येडी हाये? आखाजीले बोलाव."

पितर म्हणून बोलावू की पाहुणा म्हणून, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

नट धुळ्याचाच निघाला. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, हौशी नाटकं करणारा. माझ्याच शाळेतल्या एका बाईंचा तो शेजारी होता. रविवारी दुपारी मी त्याच्या दारात गेले आणि दार उघडलं तेव्हा मी चुकीच्या घरी आले असं मला वाटलं. पडद्यावर वाळका वाटलेला माणूस चांगला गोलमटोल होता. आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असा. "या ताई, या! सिनेमा बघितला म्हणता? मग तुम्ही दुसऱ्या! पहिली माझी बायको, तीही झोपली!" आणि स्वतःच्या विनोदावर तो गदागदा हसला. भिंतीवर त्याच्या नाटकांचे फोटो होते. सगळ्यांत तोंड उघडं, हात वर. मला जे नट आवडत नाहीत त्यांचा हा मुकुटमणी होता.

मी न राहवून विचारलं, "भाऊ, मग सिनेमात ते कसं जमवलंत?"

तो हसायचा थांबला. आत जाऊन बायकोला चहाचं सांगून आला, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि आवाज एकदम खाली आणला.

"मी काही केलंच नाही ताई. पिंपळनेरच्या पलीकडं एका घरात शूटिंग होतं. पहिल्या दिवशी दिग्दर्शक सारखा म्हणत होता, कमी करा, कमी करा. मला कमी येतच नाही. दुपारी जेवणाची सुट्टी झाली, तर अंगणाच्या भिंतीला टेकून एक म्हातारा बसलेला. बघायला येतात ना गावचे लोक, तसा. शेंगा खात होता. चपला काढून बाजूला ठेवलेल्या, तोंडं बाहेरच्या बाजूला. मी त्याला विचारलं, बाबा कुठले? त्यानं गुडघ्यावरून हात फिरवला आणि नुसता बघत राहिला. मग मी तेच केलं. कॅमेरा चालू झाला की मी त्याच्याकडं बघायचो आणि तो जसा बसेल तसा बसायचो. तो रोज यायचा. दिग्दर्शक खूश."

"म्हणजे तुम्ही भिंतीकडे बघायचात ते..."

"त्याच्याकडं बघायचो. कॉपी करत होतो हो, दुसरं काय."

ज्या नजरेची मी अख्ख्या स्टाफरूममध्ये तारीफ करून आले होते, ती नजर ही होती. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण तो पुढे बोलत होता. शूटिंग संपायच्या सुमारास म्हातारा येईनासा झाला. त्याला धोतरजोडी द्यावी म्हणून यानं चौकशी केली, तर कॅमेरावाल्यानं उलट विचारलं, कोण म्हातारा? भिंतीजवळ कुणाला बसू दिलंच नव्हतं, तिथं दिवे लावलेले होते. घरमालकीण म्हणाली, "आठे असा कोणीच नही ऱ्हास भाऊ." असा माणूस इथं राहतच नाही.

"त्यानंतर मला तसं एकदाही जमलं नाही," नट म्हणाला. "दोन कामं आली, दोन्हीकडून हाकललं. खोटं कशाला बोलू?"

मी मोबाइलमधला नानांचा फोटो उघडून त्याला दाखवला. आमच्याकडे एकच बरा फोटो आहे, एका लग्नातला. त्यात नाना तरणे आहेत, केस काळेभोर आहेत. नटानं फोटो बराच वेळ बघितला, मोठा करून बघितला, मान हलवली.

"ह्या माणसाला मी ओळखत नाही. ह्या वयाचा मी तो बघितलेलाच नाही." मग मोबाइल परत देत म्हणाला, "पण हा माणूस म्हातारपणी कसा बसेल, ते मी तुम्हाला आत्ता दाखवतो."

आणि तो बसला. त्याच प्लास्टिकच्या खुर्चीत, बनियनवर, गोलमटोल शरीरानं. पाठ जराशी डावीकडे, हनुवटी खाली, एक हात गुडघ्यावर. बाहेर गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पंखा फिरत होता. माझ्यासमोर नाना बसले होते, आणि त्यांना माझ्याशी बोलायचं नव्हतं. नटाच्या बायकोनं चहा आणला आणि दारातच थबकली. "अहो, नका ना तसं करू," ती म्हणाली. आवाजावरून कळलं, की घरात हे पहिल्यांदा होत नव्हतं.

चहा न घेता उठणं वाईट दिसलं असतं म्हणून घेतला.

चुलतभावाला सगळं सांगितलं तेव्हा तो आधी माझ्यावर उखडला, मग गाडी काढून आला. आम्ही दोघं पिंपळनेरला गेलो, तिथून पुढं त्या घरी. मालकिणीनं भला मोठा तांब्या भरून पाणी दिलं आणि आसपासच्या चार जणांना बोलावून आणलं. कुणीही नानांसारखा माणूस पाहिला नव्हता. तसा कुणी तिथं राहिलाही नव्हता आणि मेलाही नव्हता. भाऊ भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. साधी मातीची भिंत, उन्हात तापलेली. परतताना साक्रीला त्यानं गाडी थांबवली. मग म्हणाला, "असं कसं, तिथं मला जागा सोडून उभं राहावंसं वाटलं." मलाही वाटलं होतं.

आता प्रश्न अक्काला काय सांगायचं हा होता. नट खरं बोलत असेल आणि तो म्हातारा हाडामांसाचा असेल, तर नाना परवापरवापर्यंत जिवंत होते आणि पितर बसवणं पाप होतं. तो हाडामांसाचा नसेल, तर अक्का इतकी वर्षं उगाच कुंकू लावत होती. दोन्ही गोष्टी तिच्या तोंडावर सांगायला मी धजावेना. शेवटी जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं, सूप झटकलं आणि विचारलं, "येतो म्हने का तो?"

नट येणार होता. मी विचारल्याबरोबर हो म्हणाला होता. "माझ्याकडं त्यांचं काहीतरी राहिलंय," म्हणाला.

अक्का आधीच भावाबरोबर गावी परतली होती; आखाजीच्या सकाळी मी आणि नट धुळ्याहून निघालो. अमळनेरच्या पुढे त्याचे विनोद संपले आणि जळगाव सोडल्यावर तो पूर्ण गप्प झाला. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागल्या तेव्हा त्यानं काच वर करून घेतली. गावात पोचलो तेव्हा दुपार भरली होती. झोके बांधलेले होते, पण उन्हामुळे पोरी घरात गेल्या होत्या आणि दोर नुसते लोंबत होते.

घरात सगळी तयारी झालेली होती. आजोबांचा पितर जेवून गेला होता. दुसरी घागर भरून ठेवलेली होती, तिच्यावर डांगर होतं आणि पुढे पाट मांडलेला होता. पण पाटावर कुणाच्या नावानं बसायचं हे ठरलेलं नव्हतं. भावानं गोवरीचे निखारे काढून ठेवले होते. पितराच्या नावानं निखाऱ्यावर पोळीचा घास आणि तूप टाकतात, त्याला आगारी म्हणतात. तूप भडकून ज्योत उठली की पितरानं घास घेतला, असं आमच्याकडे मानतात. भाऊ तुपाची वाटी हातात धरून आईच्या तोंडाकडे बघत होता.

नट पाटाजवळ उभाच राहिला. बसा म्हणायला कुणी पुढं होत नव्हतं. अक्का स्वयंपाकघराच्या दारात होती. कपाळावर कुंकू ठसठशीत होतं, रोजच्यापेक्षा मोठं. तिनं त्याला पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं. तो काही नानांसारखा दिसत नव्हता आणि दिसायचा प्रयत्नही करत नव्हता. दोन्ही हात पुढं धरून, शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखा उभा होता. ती त्याला भाऊ म्हणेना, पाहुणे म्हणेना, काहीच म्हणेना. मला वाटलं ती विचारेल, ते हेच होते का? आम्ही सगळे त्याच प्रश्नाची वाट बघत होतो, आणि त्याला काय उत्तर द्यायचं हे गाडीत नटानं माझ्याशी तीनदा बोलून ठेवलं होतं: 'सांगता येत नाही, आई.'

अक्कानं ते विचारलं नाही.

"तिथी बसे तो," ती म्हणाली, "तवा सुखी दिसे का?"

नटानं माझ्याकडे बघितलं. हो म्हणावं की नाही म्हणावं, कशानं तिला बरं वाटेल, मलाच कळत नव्हतं. त्याला खोटं बोलता आलं असतं, आयुष्यभर तेच केलं होतं त्यानं. मग ज्या खालच्या आवाजात तो माझ्याशी बोलला होता त्याच आवाजात म्हणाला, "हो. सुखी दिसायचे. माझी नक्कल बघून हसायचे कधी कधी."

"हासे?"

"हो."

"इथी नाई हासला कधी," अक्का म्हणाली.

भावाची बायको आत भजी तळत होती, तेवढा आवाज येत होता. अक्का दारातून पुढं आली, पाट पुसलेला होता तरी पदरानं पुन्हा पुसला.

"बसा भाऊ," ती म्हणाली.

तो बसला. स्वतःसारखा, मांडी घालायला जरा त्रास होत होता तसा. भावानं तुपात भिजवलेला पोळीचा घास उचलला आणि त्याचा हात थांबला. "आई, नाव?"

"म्या घेते," ती म्हणाली, आणि तिनं नानांचं नाव घेतलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. तिच्या तोंडून ते मी कधी ऐकलं नव्हतं, तिच्या मुलानंही ऐकलं नव्हतं.

घास निखाऱ्यावर पडला. धूर झाला. आम्ही ज्योतीची वाट बघत राहिलो. तूप चरचरलं, घास काळा पडला, धूर दाट होऊन आढ्याला गेला, पण ज्योत काही उठेना. भावाचा चेहरा उतरला. त्यानं घाईनं वाटीतलं आणखी तूप ओतायला हात पुढं केला, तर अक्कानं त्याचं मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "नाई जेवला तर नाई जेवला. माह्याकडून झालं."

मग तिनं रसाचं पातेलं उचललं आणि नटाला वाढायला घेतलं.